मॅग्यारांना किल्ला नव्हता

त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणं कमी आणि लढाया जास्त झाल्या. तोआ पायोहचा आमचा फ्लॅट तो केवढा, त्यात टेबल एकच. रविवारी दुपारी मुलगा त्याच्यावर हिरवी चादर अंथरायचा, चादरीखाली माझ्या आमटीच्या वाट्या पालथ्या घालून टेकड्या करायचा आणि एका कडेनं निळी नदी सोडायचा. नदी म्हणजे माझ्या साडीचा फॉल. लिटिल इंडियातून चार दुकानं हिंडून मॅचिंग आणलेला, साडीला अजून लावायचाही होता. मी सगळी कपाटं उपसतेय आणि हा त्याच्यावरून घोडे नेतोय!

घोड्यांवर बोटाच्या पेराएवढे स्वार होते. प्रत्येकाच्या हातात आखूड धनुष्य, कमरेला भाता, बाकदार तलवार. मुलानं ते भिंग लावून स्वतः रंगवले होते, एकेका घोड्याची आयाळ वेगळी. एवढं लक्ष अभ्यासात घातलं असतंस तर, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे अभ्यासातही तो बरा होता. सतरा वर्षांचा मुलगा घरात बसून घोडे रंगवतो, यात ओरडण्यासारखं दुसरं काही सापडत नव्हतं, म्हणून तेवढं म्हणून घ्यायचे.

हे स्वार मॅग्यार होते. कोण बाबा हे, असं मीही विचारलं होतं. आजच्या हंगेरीतल्या लोकांचे पूर्वज. हजार-अकराशे वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या गवताळ माळांवरून ते तिथे आले आणि मग तिथून युरोपभर स्वाऱ्या करत सुटले. ही गोष्ट सांगताना मुलगा माझ्यासाठी म्हणून मराठीत बोलायचा, पण वाक्याच्या शेवटी इथल्या मुलांचा 'ला' लागायचाच.

"आई, गाडी नाही, बैल नाही, सामान नाही. एका माणसाला तीन-चार घोडे. एक दमला की दुसऱ्यावर. गवत उगवलं की निघायचं, थंडीच्या आत घरी. सिंपल ला."

जर्मनी, इटली, त्याच्याही पलीकडे ते पोचायचे. एखाद्या मठातले साधू सकाळी उठतात तर दाराशी हे उभे. चांदी, गुरं, माणसं, जे हाती लागेल ते उचलायचं. तिथल्या राजाचे सरदार लोखंडी चिलखतं अंगावर चढवतात तोवर हे कुठल्या कुठे. कधीकधी तर एक राजाच यांना दुसऱ्या राजावर सोडायचा. आणि समोर फौज उभी राहिलीच तर हे थोडे बाण मारून पळत सुटायचे. पळाल्याचं सोंग! समोरचे चेकाळून पाठलागाला लागले, त्यांची रांग मोडली, की पळता पळताच खोगिरात मागे वळून बाणांचा मारा, आणि मग सगळीकडून घेरायचं.

"अरे, हा तर आपला गनिमी कावा!" मी म्हटलं. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? ऊर उगाचच भरून आला माझा.

"नॉट सेम, आई," तो म्हणाला. का नाही ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही. घोड्याच्या पायाला रंग लावत बसला.

त्याच्याशी खेळायला वरच्या मजल्यावरचा त्याचा चिनी मित्र यायचा. याच्यापेक्षा थोडा मोठा, हसरा, माझ्या हातचे पोहे दोन वेळा मागून खाणारा. त्याच्याकडे चिलखतवाले जर्मन होते. तो सैन्यात भरती झाला. इथे मुलगे अठरा वर्षांचे झाले की दोन वर्षं सैन्यात जातात, सगळेच जातात, त्यात कुणाला काही वाटत नाही. जाताना तो जर्मनांचं खोकं आमच्याकडे ठेवून गेला, आणि काही आठवड्यांनी सुट्टीवर आला तो डोक्याचा तुळतुळीत गोटा करून. पोहे तसेच दोनदा घेतले. माझी नजर मात्र त्या गोट्यावरून हटेना, कारण पुढची पाळी आमची होती.

आमची कशी, ते सांगते. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा 'पाच वर्षं' असं सगळ्यांना सांगून आलो. नवऱ्याची नोकरी तुआसला, यंत्रांच्या कारखान्यात. चार पैसे गाठीला बांधायचे, थोडं जग बघायचं आणि परत. स्वारीच की ती! पण इथला कामाचा पास कंपनीच्या गळ्यात अडकवलेला असतो. कंपनीनं नको म्हटलं की गाशा गुंडाळा. नवऱ्याच्या कारखान्यात एकदा तशी छाटणी झाली, शेजारच्या टेबलावरचा आमचा नागपूरचा ओळखीचा बायको-मुलांसकट महिन्याभरात गेला, आणि आमची झोप उडाली. मग पीआर घेतली. कायमचं राहण्याची परवानगी. मुलगा तेव्हा पहिलीत होता, समोरचे दोन दात पडलेले. पीआर मिळाली म्हणून मी पेढे वाटले, लिफ्टजवळच्या मलय काकूंना, खालच्या किराणावाल्याला, सगळ्यांना. आता पाठीशी किल्ला आला, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं मला चांगलं आठवतं. दारावर कुणीही आलं तरी आत शिरून दार लावून घेता येईल. त्या पेढ्यांबरोबर मुलाची दोन वर्षंही दिली आहेत हे आम्हाला ऐकून माहीत होतं. पण दात पडलेल्या पोराकडे बघून अठरावं वर्ष कुणाच्या डोळ्यांपुढे येतं हो?

तर जर्मन आमच्या घरात आणि त्यांना चालवायला कुणी नाही. "आई, तू खेळ ना," मुलगा म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. मला तो टेबलापाशी बसलेला हवा होता. शिवाय माझा एक बेत शिजत होता, आणि तो त्याच्या गळी उतरवायला रविवारची दुपार बरी पडली असती.

बेत साधा होता. ज्युनियर कॉलेजची परीक्षा झाली की त्याला पुण्याला न्यायचं. माझा भाऊ तिथे आहे, कॉलेजात प्रवेशाचं तो बघणार होता. पीआर सोडून द्यायची. असा सैन्यात न जाता निघून गेलेला मुलगा पुन्हा शिकायला किंवा नोकरीला इथे आला तर दार उघडेलच असं नाही, हे मला ठाऊक होतं. न उघडू दे. आपलं घर आहे ना तिथे! नवऱ्याला हे बोलले की तो मूग गिळून बसायचा. "त्याला विचारलंस का?" एवढं एकदा म्हणाला. विचारायचं काय त्यात, एवढंसं पोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पहिल्या रविवारी मी जर्मन घेऊन बसले आणि सपाटून हरले. त्याचे घोडेस्वार आले, फासा टाकला, दोन माणसं मारली आणि पळाले. मी मागे लागले. दुसरं काय करणार, शत्रू पळतोय! अर्ध्या चादरीपर्यंत माझी रांग पांगली आणि हे महाराज दोन्ही बाजूंनी वळले.

"पळपुटे मेले!" मी इतक्या जोरात ओरडले की मलय काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

मुलगा खूप हसला. मग मला म्हणाला, "इट्स हार्ड, यू नो." त्यानं मला खुर्चीवर उलटं, घोड्यावर बसल्यासारखं बसवलं. पाय पुढे घट्ट धर, रिकिबीत आहेत समज, आता फक्त कमरेपासून वर मागे वळ आणि मला बाण मार. मी वळले तर पाठीतून कट्‌ असा आवाज आला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. कितीतरी महिन्यांत तो माझ्याबरोबर असा हसला नव्हता.

पुढच्या रविवारीही तेच. पाठलाग करायचा नाही असं ठरवून बसायचे आणि घोडे पळायला लागले की हात शिवशिवायचे. शेवटी मी चिडून म्हटलं, मला दे तुझे ते मॅग्यार, मग दाखवते.

मॅग्यार हातात आले तरी मी हरतच राहिले, आणि दर वेळी एकाच तऱ्हेनं. बाण मारायचे, पळायचे आणि थेट पालथ्या वाटीवर जाऊन बसायचे. त्याचे जर्मन सावकाश खाली उभे राहायचे आणि थांबायचे. चार फाशांत माझे घोडे संपलेले. का संपले म्हणून मी भांडायचे.

"आई, तू दर वेळी टेकडीवर का जातेस?"

"म्हणजे? गडावर नको जायला? छापा मारायचा आणि गडावर यायचं, असंच असतं."

"पण हा गड नाहीये. वर गवत नाही, पाणी नाही. घोडे काय खाणार? दे गॉट नो फोर्ट, आई. त्यांना किल्लाच नव्हता."

"मग ते पळून जायचे कुठे?"

"घरी. लांब. पळत राहायचं, दॅट्स ऑल."

हा मुलगा चार वर्षांचा असताना दिवाळीत आम्ही कॉरिडॉरमध्ये किल्ला केला होता. झाडाखालची माती पिशवीतून वर आणली, अळीव पेरले, बुरूज केले, आणि दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याची बोलणी खाल्ली. त्याला ते आठवत नाही. माझ्या मात्र डोक्यातच बसलंय की कितीही लांब गेलं तरी पाठीला एक किल्ला असतो. सगळ्या मराठी माणसांच्या डोक्यात बसलंय. मला फार राग आला त्याचा, त्याच्या घोड्यांचा, त्या वाटीचा. "आज आमटी करायचीय, दे माझ्या वाट्या," असं म्हणून मी सगळ्या टेकड्या काढून घेतल्या.

परीक्षा जवळ येत चालली तशी मला घरात गुदमरायला लागलं. आमच्या फ्लॅटची खिडकी समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांवर उघडते. पूर्वी मला त्यात काही वाटायचं नाही, माणसांची जाग बरी वाटायची. त्या दिवसांत वाटायचं, या बाजूनं वाट नाही, त्या बाजूनं नाही. मुलाला नेलं तर इथलं दार त्याच्यावर बंद. न न्यावं तर तो माझ्या डोळ्यांदेखत बंदूक घेणार. नवरा पन्नाशीला आलेला, त्याला पुण्यात आता कोण नोकरी देतंय. भाऊ फोनवर विचारायचा, "ताई, नक्की ना?" आणि मी म्हणायचे, नक्की म्हणजे काय, एकदम नक्की.

परीक्षा संपल्यानंतरच्या रविवारी मुलानं मोठी लढाई मांडली. म्हणाला, ही खरी झालेली आहे. दहाव्या शतकातली, जर्मनीतली, मॅग्यारांची पश्चिमेतली शेवटची. नदीच्या काठी एक शहर आहे, त्याला यांनी वेढा घातलाय. शहर म्हणून माझा मसाल्याचा डबा ठेवला होता. मागे साडीच्या फॉलची नदी, नदीपलीकडे खूप लांब, टेबलाच्या पार त्या टोकाला, घर. मॅग्यार माझ्याकडे दिले.

"हे इथे बसलेत कशाला?" मी विचारलं. "लुटायचं आणि निघायचं हीच यांची रीत ना?"

"या वेळी त्यांना शहर हवं होतं."

"मूर्खच आहेत."

त्याचे जर्मन आले. मी त्यांना वळसा घातला, मागून त्यांच्या सामानावर तुटून पडले, तोवर सगळं छान होतं. मग लुटीत माझे स्वार अडकले आणि त्याचे चिलखतवाले एका रांगेत चालून आले. टेबलावर पळायला जागाच राहिली नाही. या वेळी मी टेकडीकडे गेले नाही. शहाणपणानं सगळे घोडे नदीकडे वळवले. पाहते तर नदी ओलांडायच्या प्रत्येक उतारावर त्याचे दोन-दोन जर्मन आधीच उभे.

"हे कधी आले इथे?"

"खरंच तसं झालं, आई. पळालेल्यांना नदीवरच अडवलं. त्यांच्या सरदारांना पकडून फाशी दिलं."

मी घोडे फॉलवरून ढकलले. त्यानं फासा टाकला आणि एक उचलला. मी दुसरीकडून ढकलले, त्यानं आणखी दोन उचलले. काय झालं मला माहीत नाही, माझा आवाजच चिरकला. "अरे, एक तरी रस्ता सोड ना! एक तरी! जाऊ दे की त्यांना घरी!"

त्यानं फासा खाली ठेवला.

मग मी सगळं सांगून टाकलं. पुण्याचं, मामाचं, कॉलेजचं. तिकिटंसुद्धा बघून ठेवली होती तेही. बोलताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, त्या निळ्या फॉलवर पडलेल्या घोड्यांकडे बघत होते. तो शांतपणे ऐकत होता, आणि तेच मला खुपत होतं, कारण त्याला यातलं काही नवं वाटत नव्हतं.

"आय नो," तो म्हणाला. "तू मामाशी फोनवर बोलतेस, या घरात सगळं ऐकू येतं. आई, माझी मेडिकल झाली. सैन्याची."

"कधी?"

"परीक्षेच्या आधी. बाबा आले होते बरोबर."

नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. तुआसहून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तो एकदा लवकर आला होता, ते मला तेव्हा आठवलं. बँकेचं काम आहे म्हणाला होता. त्यानं पेपर खाली घेतला नाही.

"आपण परत जाऊ शकतो रे अजून," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते मला नको होतं.

"परत म्हणजे कुठे?" आता तो सगळं मराठीतच बोलत होता, शब्द शोधत शोधत. "मी तिथे कधी राहिलोच नाही. तुझ्यासाठी ते परत जाणं आहे, आई. माझ्यासाठी ते पळणं आहे. आणि सोंगाचं नाही. खरं पळणं."

"मग जा! गोटा कर आणि जा!" असं ओरडून मी आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहिले. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी काठीवर कपडे वाळत घालत होतं. माझं माहेर, सासर, भाऊ, पुण्यातला कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट, सगळं जिथल्या तिथे होतं. विमानात बसले असते तर त्याच दिवशी तिथे पोचले असते, कुणी मला अडवलं नसतं. पण मुलगा इथे राहणार म्हटल्यावर मी कुठे जाणार होते? पाच वर्षं म्हणून आलेली बाई कायमची अडकली होती, आणि जो सैन्यात जाणार होता तो मात्र टेबलाशी बसून निवांत घोडे खोक्यात भरत होता.

बऱ्याच वेळानं मी बाहेर आले. "पुढे काय झालं त्यांचं?" मी विचारलं. "त्या मॅग्यारांचं."

"पुन्हा पश्चिमेला नाही आले. होते तिथेच राहिले. शेती केली, चर्च बांधली. नंतर किल्लेसुद्धा बांधले."

"म्हणजे हरले म्हणून राहिले."

"राहिले," तो म्हणाला, आणि फॉलची नीट घडी करून त्यानं माझ्या हातात दिली.

भरतीच्या दिवशी आईवडिलांना बरोबर नेतात. बोटीनं तेकोंग बेटावरच्या छावणीत जायचं, मुलांचे पलंग बघायचे, त्यांच्याबरोबर तिथेच जेवायचं. जेवण बरं होतं, भाजीत मीठ कमी होतं. सगळ्या आया मुलांच्या ताटात आपलं काहीतरी वाढत होत्या, चिनी, मलय, तमिळ, सगळ्या. मीही माझी फळं त्याच्या ताटात ठेवली. त्याच्या डोक्यावर अजून केस होते आणि मी ते बघून घेत होते. मला बोलायचं खूप होतं, मी विचारलं एवढंच की मोजे जास्तीचे घेतलेस ना.

मग मुलांना रांगेत उभं केलं आणि घेऊन चालले. आमच्यासाठी परतीची बोट लागली होती. बाकीची मुलं सरळ पुढे बघून चालत होती. माझा मुलगा पायांनी पुढेच चालत राहिला आणि कमरेपासून वर एकदम मागे वळला. डावा हात माझ्याकडे ताणला, उजवा कानापर्यंत ओढला, आणि सोडला. कुणीतरी जोरात ओरडलं तसा सरळ झाला.

बोटीतल्या खुर्च्या सगळ्या पुढे तोंड केलेल्या असतात. मी पाय पुढे टेकवून बसले आणि मागे वळले. बेट दिसेनासं होईपर्यंत तशीच होते.

"अगं, पुढे बघ," नवरा म्हणाला. "पाठ अवघडेल."

"अवघडू दे," मी म्हटलं.